200 चा प्लॅन घेऊनही लाइव्ह अडकतंय? आधी सोप्यातली भिंत बघा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांना पण कळेल. तुम्ही पुण्यात, आज्जी-आजोबा खानापूर तालुक्यातल्या गावात. आजोबांचे गुडघे गेलेत, त्यामुळं वारी, कुस्तीची मैदानं, बेळगावची गणपती मिरवणूक, सगळं आता घरी टीव्हीवरच. फायबर घेतलं, 100 एमबीपीएसचा (म्हणजे इंटरनेटच्या वेगाचा आकडा) प्लॅन होता तो 200 चा केला, तरी लाइव्ह लावलं की गोल गोल फिरत बसतंय, आणि मॅच असली की शेजारचे आधी ओरडतात आणि आपल्याकडं विकेट नंतर पडते. तुम्ही विचारलंय 300 चा घेऊ का.

नका घेऊ. पैसे जातील आणि अडकायचं तेवढंच अडकेल. मी बेळगाव-खानापूर भागात फायबरच्या जोडण्या करतो आणि मैदानं, कीर्तनं, लग्नं लाइव्ह करायचं काम पण करतो, म्हणजे पाठवणारं टोक आणि बघणारं टोक दोन्ही रोज हाताखालून जातात. तुमच्यासारखी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरात स्पीड कमी नसतो, तो टीव्हीपर्यंत सलग पोचत नसतो.

हिशोब बघा. 480पी, 720पी म्हणजे चित्राचा बारकावा, आकडा मोठा तसं चित्र स्पष्ट. 480पी चं लाइव्ह बघायला साधारण दीड एमबीपीएस पुरतं, 720पी ला अडीच-तीन, 1080पी ला पाचच्या आसपास. म्हणजे घरात 200 येतंय आणि टीव्हीला पाच पाहिजेत. पण ते पाच सलग पाहिजेत, मध्ये खंड न पडता. स्पीड टेस्ट तुम्हाला काही सेकंदांचा आकडा दाखवते, बहुतेक जवळच्या सर्व्हरवरचा, आणि ती पण मोबाईलवर राउटरच्या शेजारी उभं राहून केलेली असते. टीव्हीला काय मिळतंय ते त्यात दिसतच नाही.

आता कोणी म्हणेल पिक्चर बघताना तर अडकत नाही, लाइव्हलाच का? आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही म्हणून वर टाकी असते ना, तसं रेकॉर्ड केलेला व्हिडिओ टीव्ही पुढचा पुढचा भरून ठेवतो, मध्ये मिनिटभर लाईन गेली तरी टाकीतल्यावर चालतं. लाइव्हमध्ये पुढचं पाणी अजून आलेलंच नसतं. जे घडलंच नाही ते आधी भरून कसं ठेवणार? त्यामुळं साठा दहा-वीस सेकंदांचाच राहतो, आणि वायफाय तेवढा वेळ डळमळलं की चाक फिरायला लागतं.

आणि वायफाय डळमळायला आपल्या भागातली घरं. खानापूरकडची जुनी घरं म्हणजे जांभ्याच्या नाहीतर मातीच्या दीड-दोन फूट जाड भिंती, वर कौलं, सोपा म्हणजे बसायची खोली पुढं, माजघर मागं. फायबर जोडायला आलेली पोरं वायर जिथून आत आली तिथंच राउटर भिंतीला ठोकून मोकळी होतात. तुमच्या वर्णनावरून तो माजघरात, बहुतेक लोखंडी कपाटाच्या बाजूला, आणि टीव्ही सोप्यात. मध्ये दोन जाड भिंती. 5 गिगाहर्ट्झचं वायफाय एवढ्या भिंतीतून जवळजवळ जातच नाही. 2.4 वालं जातं, पण त्यावर शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ सगळं एकत्र घुसलेलं असतं, आणि स्वस्तातल्या बऱ्याच स्मार्ट टीव्हींना फक्त 2.4 च चालतं. माझं म्हणणं असं की वेगावर खर्च करण्याआधी ह्या शेवटच्या पंधरा-वीस फुटांवर खर्च करा.

सगळ्यात चांगलं म्हणजे ऑपरेटरला सांगून राउटरच सोप्यात टीव्हीजवळ आणून घ्यायचा, थोडी फायबर वाढवावी लागते, काम फार नसतं. फक्त ती वायर दाराच्या बिजागरीत किंवा खिळ्याखाली घट्ट वाकवू देऊ नका, आत काच असते, जास्त वाकली तर प्रकाश गळतो आणि लाईन कधी चालते कधी नाही असं होतं, हा दोष मागून शोधणं फार त्रासाचं. राउटर हलत नसेल तर कॅट 6 ची लॅन केबल घरातल्या घरात तुळईच्या कडेनं ओढून टीव्हीच्या मागं लावा. टीव्हीचं लॅन पोर्ट बऱ्याचदा 100 एमबीपीएसचंच असतं, ते बघून नाराज होऊ नका, आपल्याला पाचच पाहिजेत. केबल घराबाहेरनं मात्र फिरवू नका. वळवाच्या दिवसात वीज जवळपास पडली तर तांब्याच्या वायरीतून झटका टीव्ही आणि राउटर दोन्ही घेऊन जातो. गडगडायला लागलं की प्लग काढून ठेवायची सवय आज्जींना लावा, पावसाच्या तोंडावर हे फार महत्त्वाचं आहे.

अजून एक विचारायचं राहिलं. घरी कोणी मोबाईलवरनं टीव्हीवर टाकतं का? तसं असेल तर कसं टाकतात ते बघा. कास्टचं चौकोनी चिन्ह दाबून टाकलं तर टीव्ही स्वतः इंटरनेटवरनं व्हिडिओ ओढतो, मोबाईल फक्त रिमोट होतो. स्क्रीन मिररिंग केलं तर मोबाईल आधी वायफायवरनं घेणार आणि परत वायफायवरनंच टीव्हीला देणार, एकाच हवेतून दुप्पट ये-जा, वरनं फोन आला की सगळं बंद. आमच्याकडं आलेल्या कितीतरी तक्रारी मिररिंग बंद केल्यावर तिथंच संपल्यात.

हे झालं आपल्या टोकाचं. आता दुसरं टोक, कारण सगळंच घरी दुरुस्त होत नाही, हे आजोबांना पण समजावून सांगावं लागेल.

कुस्तीचं मैदान गावाबाहेर शेतात असतं. तिथनं लाइव्ह करायला मला वर पाठवायचा वेग लागतो, 720पी नीट द्यायचं तर चार-पाच एमबीपीएस सलग. सकाळी जाऊन बघितलं तर मोबाईल नेटवर्कवर पंधरा-वीस सहज मिळतं. दुपारी हजारो माणसं जमली, प्रत्येकाच्या खिशात मोबाईल, निम्मे लोक स्वतःच लाइव्ह करतायत, की तोच टॉवर मला एक पण नीट देत नाही. म्हणून मी जमेल तिथं जवळच्या घरातून फायबरची तात्पुरती लाईन ओढतो, नाहीच जमलं तर वेगवेगळ्या कंपन्यांची सिम एकत्र चालवतो. गणपतीची मिरवणूक तर कपिलेश्वर तलावापर्यंत दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, त्यात चालता चालता मोबाईलवरनं केलेलं लाइव्ह अडकलं तर तुमच्या 200 च्या प्लॅनला काही करता येत नाही. वारीतल्या रिंगणाचं पण तेच. चांदोबाचा लिंब काय किंवा बाजीरावाची विहीर काय, त्या माळावर त्या वेळी किती माणूस असतो ते आजोबांनी स्वतः बघितलंय, त्यांना लगेच पटेल.

लोकांना वाटतं फार जण बघतायत म्हणून अडकतंय. तसं सहसा नसतं. 23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 उतरलं तेव्हा इस्रोचं यूट्यूब लाइव्ह एकाच वेळी 80 लाखांहून जास्त लोक बघत होते, आणि त्याच वर्षी वर्ल्ड कपची फायनल हॉटस्टारवर एकाच वेळी 5.9 कोटी लोकांनी बघितली. मैदानातून वर एकच धागा जातो, पुढं त्याच्या प्रती वेगवेगळ्या शहरांतल्या सर्व्हरवरनं वाटल्या जातात, बघणारे दहा असोत नाहीतर दहा लाख, मैदानावरच्या माझ्या कॅमेऱ्याला फरक पडत नाही. धागा मुळातच तुटत असेल तर मात्र दहाही जणांना अडकतं.

दोष आपला की त्यांचा हे कसं ओळखायचं? अडकलं की लगेच दुसरं एखादं मोठ्या वाहिनीचं लाइव्ह लावा. ते नीट चाललं तर दोष पाठवणाऱ्याकडं, राउटर बंद-चालू करत बसू नका. दोन्ही अडकलं तर आपल्याकडं. यूट्यूबमध्ये सेटिंगमध्ये 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' म्हणून एक पर्याय असतो, टीव्हीवर पण असतो, त्यात 'बफर हेल्थ' म्हणजे किती सेकंदांचा साठा आहे ते दिसतं. तो आकडा सारखा शून्याकडं घसरत असेल तर वायफाय बघा. आणि ओएनटीच्या डबीवर, म्हणजे फायबरची वायर घरात येऊन जिला जोडते तिच्यावर, एलओएस लिहिलेला दिवा लाल झाला असेल तर फायबरच कुठंतरी तुटली आहे, रस्त्याचं खोदकाम नाहीतर झाडाची फांदी, तिथं ऑपरेटरला फोन करण्याशिवाय उपाय नाही.

शेजारचे आधी ओरडतात ते. ह्यात बिघाड काही नाही. ॲपवरचं लाइव्ह काही सेकंदांच्या तुकड्यांत कापून पाठवतात, सहा सेकंदांचा तुकडा म्हटला आणि टीव्हीनं तीन तुकडे हातात ठेवूनच चालू केलं तरी अठरा सेकंद तिथंच गेले, वर कापायचा आणि पोचवायचा वेळ. अर्धा मिनिट सहज मागं राहतं. डिशवर हाच उशीर बराच कमी असतो, म्हणून शेजाऱ्यांकडं डिश आणि तुमच्याकडं ॲप असेल तर ते ओरडणारच. यूट्यूबवर पाठवणाऱ्याला उशीर कमी-जास्त ठेवायचा पर्याय असतो, पण कमी केला की बघणाऱ्याचा साठा पण कमी होतो आणि जास्त घरांत अडकतं. मी कुस्तीला आणि कीर्तनाला मुद्दाम नॉर्मलच ठेवतो, कारण माझे निम्मे बघणारे तुमच्या आजोबांसारखे जाड भिंतीमागचे आहेत.

ह्यावरनं एक युक्ती सांगतो, ती नक्की करून बघा. कीर्तन, रिंगण, मिरवणूक ह्यांत मिनिटभर मागं राहिलं म्हणून काहीच बिघडत नाही. लाइव्ह लावायचं, पॉझ करायचं, चहा ठेवून यायचं, मग चालू करायचं आणि पुढं ओढून 'लाइव्ह'वर न्यायचं नाही. आता आपण दोन-चार मिनिटं मागं आहोत म्हणजे पुढचा भाग घडून गेलेला आहे, टीव्हीला तो भरून ठेवता येतो. पाठवणाऱ्यानं मागं जायची सोय बंद केली नसेल तर हे चालतं. सोबत क्वालिटी 'ऑटो' वर न ठेवता 480पी वर ठेवा. ऑटो सारखं वर-खाली उडी मारतं आणि त्या उडीतच पुष्कळदा अडकतं. 32 इंची टीव्हीवर सोप्यातल्या खुर्चीवरनं 480 आणि 720 मधला फरक आजोबांना जाणवायचा नाही, आवाज तुटला तर मात्र लगेच जाणवेल.

मॅचसाठी हे चालणार नाही, तिथं शेजारी आहेत. भारताचे बरेच महत्त्वाचे सामने 2007 च्या कायद्यामुळं दूरदर्शनला द्यावे लागतात आणि डीडी फ्री डिशवर डीडी स्पोर्ट्सला दिसतात. फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही, बॉक्स आणि छत्रीचा एकदाचाच खर्च. आपल्या भागात छत्री आग्नेयेकडं तोंड करून बसते, त्या बाजूला फणस-आंबा नको. सगळ्या मॅच मिळणार नाहीत, आयपीएल वगैरे ॲपवरच बघावं लागेल, आणि तेव्हा घरातल्या मोबाईलवरचं स्कोअरचं नोटिफिकेशन तेवढं बंद करा.

फ्री डिश घ्या म्हणतोय त्याला अजून एक कारण, सह्याद्री वाहिनी. आषाढीची महापूजा पहाटे अडीचच्या आसपास सह्याद्रीवर लाइव्ह असते. पण आषाढ म्हणजे आपल्याकडं काय पाऊस असतो तुम्हाला माहीत आहे, जांबोटी-कणकुंबीकडं तर बोलायलाच नको. जोराच्या पावसात डिशचा सिग्नल जातो, आणि फायबरला पावसानं काही होत नाही पण करंट जातो. म्हणून त्या रात्री दोन्ही तयार पाहिजे, एक गेलं तर दुसरं.

करंटचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इथं लोक अर्धंच काम करतात. राउटरसाठी 12 व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो दोन-चार तास सहज चालवतो. घेण्याआधी ॲडॉप्टरवर किती व्होल्ट किती अँपिअर लिहिलंय ते बघून घ्या, आणि ओएनटी आणि राउटर वेगळे असतील तर दोघांना पाहिजे. टीव्हीला इन्व्हर्टर लागेल, नसेल तर तेवढा वेळ टॅबवर बघायचं. पण सगळ्यात आधी ऑपरेटरला एक प्रश्न विचारा, तुमच्या ऑफिसपासून आमच्या घरापर्यंत मध्ये कुठं करंटवर चालणारा बॉक्स आहे का? सरळ फायबर घरापर्यंत असेल तर मध्ये विजेची गरज नसते, त्यांच्या ऑफिसला बॅटरी असली की झालं. काही गावांत अजून खांबावर स्विच बसवून पुढं केबल दिलेली आहे. तिथं गावाचा करंट गेला की खांबावरचा स्विच बंद, तुमचा यूपीएस चालू असून इंटरनेट नाही. तुमच्याकडं कुठला प्रकार आहे ह्यावर यूपीएस घ्यायचा की नाही ते ठरेल, हे मला इथं बसून सांगता येत नाही.

मोबाईल डेटावर बघायची वेळ आली तर दिवसाच्या दीड जीबीत 480पी चं लाइव्ह साधारण दोन तास चालतं. 1080पी वर ठेवलं तर तासाला दोन जीबीच्या वर जातं, कीर्तन रंगात यायच्या आधी डेटा संपेल. आणि संपल्यावर वेग 64 केबीपीएसवर आणतात, त्यात चांगल्या आवाजाचं नुसतं ऑडिओ पण तुटतं. त्यामुळं डेटा संपायच्या आधीच चित्र सोडून आवाजावर जायचं. आकाशवाणीची केंद्रं न्यूजऑनएअर ॲपवर ऐकता येतात, तासाला साठ-सत्तर एमबीच्या आसपास जातात.

आता एक काळजीची गोष्ट. तुम्ही लिहिलंय की आजोबांना व्हॉट्सॲपवर 'आज सीमाप्रश्नाची सुनावणी लाइव्ह' अशी लिंक आली होती आणि ते सकाळपासून लावून बसले होते. हे वाचून मला वाईट वाटलं, कारण ह्या वयाच्या माणसांनी त्या प्रश्नासाठी आयुष्य घातलंय. महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. सुप्रीम कोर्टानं घटनापीठाच्या सुनावण्या लाइव्ह दाखवायला 27 सप्टेंबर 2022 पासून सुरुवात केली, पण म्हणून प्रत्येक कोर्टातलं प्रत्येक प्रकरण लाइव्ह असतंच असं नाही. आधी कोर्टाच्या वेबसाइटवर त्या दिवसाच्या यादीत प्रकरण आहे का बघायचं, मग लाइव्ह आहे का तेही तिथूनच बघायचं, व्हॉट्सॲपच्या लिंकवरनं नाही. खोटी लाइव्ह लावणारे मागच्या वर्षीची मिरवणूक, जुनं रिंगण गोल फिरवून वर 'लाइव्ह' लिहितात. नावावरनं तरी विश्वास ठेवावा तर 20 सप्टेंबर 2024 ला खुद्द सुप्रीम कोर्टाचं यूट्यूब चॅनल हॅक होऊन त्यावर क्रिप्टोच्या जाहिराती लागल्या होत्या. म्हणून आज्जी-आजोबांना एकच नियम सांगा, बघण्यासाठी कार्ड नंबर, ओटीपी मागितला किंवा कुठलं ॲप लिंकवरनं टाकायला सांगितलं की बंद करायचं आणि तुम्हाला फोन करायचा. देवस्थान आणि गावचं मंडळ दर्शनासाठी ओटीपी मागत नाही.

ह्यासाठीच टीव्हीवर मी सर्चची सवय लावत नाही. खात्रीची चॅनलं तुम्ही स्वतः बघून सबस्क्राइब करून ठेवा, पंढरपूरच्या मंदिर समितीचं दर्शन, सह्याद्री, तुमच्या भागातली मैदानं दाखवणारे, बस्स. त्याहून सोपं म्हणजे टीव्हीच्या यूट्यूबमध्ये 'लिंक विथ टीव्ही कोड' आहे, त्यातला आकडा आज्जींनी फोनवर वाचून दाखवला की तुमच्या मोबाईलच्या यूट्यूबमध्ये टाका. मग पुण्यात बसून तुम्ही लाइव्ह लावलं की खानापूरच्या टीव्हीवर चालू होतं, एकाच वायफायवर असायची गरज नाही. आज्जींनी टीव्ही चालू करून यूट्यूबचं बटण दाबलं की पुरे. ज्या घरांत हे करून दिलंय तिथं पोरं नोकरीला बाहेर आहेत आणि म्हातारी माणसं संध्याकाळी फोन करून सांगतात, आज कीर्तन लाव. मला ह्या कामात सगळ्यात जास्त समाधान कशाचं असेल तर ह्याचं.

एक बारीक गोष्ट मिरवणुकीबद्दल, बारा तासांच्या आतलं लाइव्ह यूट्यूब आपोआप साठवून ठेवतं, त्याहून लांबलं तर भरवसा नाही. त्यामुळं रात्री आजोबा झोपले तर सकाळी मागं जाऊन बघू म्हणू नका, मंडळाच्या ओळखीच्या पोरांना लाइव्ह तुकड्यांत करायला सांगा.

पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा तीन गोष्टी बघून इथं लिहा. राउटर आणि टीव्ही कुठल्या खोल्यांत आहेत आणि मध्ये भिंती किती, टीव्हीच्या मागं लॅनचं पोर्ट आहे का, आणि ओएनटीच्या ॲडॉप्टरवर काय लिहिलंय. गावाचं नाव लिहायची गरज नाही, खांबावर स्विच आहे की सरळ फायबर तेवढं ऑपरेटरकडनं विचारून घ्या. मग केबल किती मीटर आणि यूपीएस कुठला ते सांगतो. प्लॅन तोपर्यंत परत 100 वर आणा, दोघांच्या घराला तो भरपूर आहे.